घरातले, रुळावरचे आणि शेतातले सांधे

पांढुर्ण्याच्या बाजारात दाराची बिजागरी मागितली, तर दुकानदार क्षणभर आपल्या तोंडाकडे पाहतो आणि मग ‘कब्जा पाहिजे का, गुरुजी?’ असे विचारतो. त्याची मातृभाषा मराठीच असते. १९५६ साली राज्यांची पुनर्रचना झाली, विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि पांढुर्णा-सौंसरचा हा पट्टा मध्य प्रदेशात राहिला. तेव्हापासून आमच्याकडे घर मराठीत आणि कचेरी हिंदीत असा प्रपंच चालू आहे. २०२३ साली छिंदवाड्यापासून वेगळा होऊन पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला, तरी या प्रपंचात काही फरक पडलेला नाही.

आमच्या विद्यार्थ्यांच्या हिंदी पाठ्यपुस्तकात खांद्याच्या सांध्याला ‘कंदुक-खल्लिका संधि’ म्हटले आहे. शब्द शुद्ध आहे, पण पाठ करताना मुलांची बोबडी वळते. त्याच सांध्याला मराठी पुस्तके ‘उखळीचा सांधा’ म्हणतात. हा शब्द ऐकताच मूल मनाशी आपल्या आजीचे उखळ पाहते आणि खांद्याचे हाड त्या खळग्यात कसे फिरत असेल, हे त्याला समजावून सांगावे लागत नाही. कोपर म्हणजे बिजागरीचा सांधा. तो दारासारखा एकाच पातळीत उघडतो नि मिटतो. शरीराच्या सांध्यांना आपल्या भाषेने घरातल्या वस्तूंची नावे दिली. यंत्राचे सांधे समजून घ्यायचे तर आम्ही त्याच वाटेने जावे म्हणतो.

‘सांधा’ या शब्दाचे घराणे मोठे आहे. संधी, सांधणे, संधिवात ही सगळी एकाच मुळाची फळे. तथापि एक भेद ध्यानी ठेवावा लागतो. व्याकरणातल्या संधीत दोन वर्ण एकजीव होतात. सुताराच्या कुसू आणि खोबणीच्या जोडातही दोन लाकडे एक होऊन बसावीत अशीच अपेक्षा असते. यंत्रातला सांधा मात्र उलट धर्माचा असतो. त्यातले दोन भाग एकजीव झाले, की यंत्र बंद पडले म्हणून समजावे. त्यांनी एकमेकांना सोडायचे नाही आणि एकमेकांना जखडायचेही नाही. ठरलेल्या एका तऱ्हेची हालचाल करू द्यायची, बाकीच्या सगळ्या रोखायच्या, हेच सांध्याचे काम.

फ्रान्झ रॉयलो या जर्मन अभियंत्याने १८७५ साली यंत्रगतीवर मोठा ग्रंथ लिहिला आणि यंत्र म्हणजे अशा जोड्यांची साखळी होय, असे प्रतिपादन केले. त्याने सांगितलेल्या जोड्या आपल्या स्वयंपाकघरातच सापडतात. अडकित्त्याची खीळ ही फिरती जोडी. टेबलाचा खण ही सरकती जोडी. दिवाळीत चकल्या पाडण्याचा पितळी सोऱ्या, ज्याचा दांडा फिरवला की तो फिरता फिरता खाली उतरतो, ती मळसूत्राची जोडी. छत्री उघडताना दांड्यावरून वर सरकणारी नळी आणि तिच्यामुळे पसरणाऱ्या काड्या पाहाव्यात; तेथे सरकती जोडी आणि फिरत्या जोड्या एकत्र नांदत असतात.

पण घरातले खरे यंत्र म्हणजे पायाने चालवायचे शिवणयंत्र. एका पिढीपूर्वी आमच्या मराठी घरांत मुलीच्या लग्नाआधी ते यायचे आणि बहुधा तिच्याबरोबर जायचे. ते बंद करून त्याची खालची गंमत पाहण्यासारखी असते. पायाखालची लोखंडी जाळी दोन टोकांवर झुलते. तिच्या कडेला एक उभा दांडा बिजागरीने जोडलेला असतो. त्या दांड्याचे वरचे टोक मोठ्या चाकाच्या मध्यापासून थोड्या अंतरावर एका खिळीवर बसवलेले असते. मध्यापासून खिळीपर्यंतचा हा आखूड तुकडा म्हणजे क्रँक. जाळी, उभा दांडा, क्रँक आणि खालचा सांगाडा अशा चार भागांची ही साखळी चार फिरत्या सांध्यांनी जोडलेली असते. पाय खालीवर होतो आणि चाक गोल फिरते.

कोणत्याही मापाचे चार दांडे जोडले, तर हे घडेल का? घडणार नाही. सर्वांत आखूड आणि सर्वांत लांब दांड्यांची बेरीज उरलेल्या दोहोंच्या बेरजेहून अधिक असली, तर एकही दांडा पूर्ण फेरा घेऊ शकत नाही. ग्रासहोफ या जर्मन अभियंत्याच्या नावाने हा नियम ओळखला जातो. पुठ्ठ्याच्या चार पट्ट्या आणि चार टाचण्या घेऊन आमचे सातवीतले विद्यार्थीही तो पडताळून पाहतात. बेरजेचे गणित चुकले, की पट्ट्या अर्ध्या वाटेत अडतात आणि वर्गात हशा पिकतो.

शिवणयंत्र शिकणाऱ्या प्रत्येक मुलीला पहिल्या दिवशी एकच संकट येते. पाय दाबला, की चाक कधी पुढे जाते, कधी मागे. मागे गेले की दोरा गुंततो आणि आई ओरडते. याचे कारण मुलीच्या पायात नाही, सांध्यात आहे. फेऱ्यात दोन वेळा, अगदी वर आणि अगदी खाली, उभा दांडा आणि क्रँक एका रेषेत येतात. त्या क्षणी पायाचा जोर सरळ चाकाच्या मध्यावर जातो आणि चाकाला कोणतीच दिशा मिळत नाही. या जागेला मृतबिंदू म्हणतात. म्हणूनच आई आधी उजव्या हाताने वरचे लहान चाक आपल्याकडे फिरवते आणि मग पाय चालवते. एकदा गती आली, की खालचे जड चाक आपल्या वजनाच्या भरात दोन्ही मृतबिंदू ओलांडून जाते. ही युक्ती कोणत्याही पुस्तकाविना आईकडून मुलीकडे आलेली आहे, आणि यंत्रशास्त्राच्या वर्गात विद्यार्थ्यांना फळ्यावर जे शिकवतात, ते हेच होय.

हीच साखळी उलटी केली, की रेल्वेचे वाफेचे इंजिन होते. नागपूर ते छिंदवाडा ही अडीच फुटी रुळांची गाडी लोधीखेडा, सौंसर, रामाकोना, उमरानाला असे करीत सातपुड्याचा घाट चढत असे. रुळांचे रुंदीकरण करण्यासाठी २०१५ साली ती बंद झाली. आता त्याच वाटेने मोठ्या रुळांची गाडी धावते. आमच्या बालपणी वाफेचे इंजिन सौंसरच्या फलाटाला लागले, की आम्हा मुलांची गर्दी डब्यांकडे नव्हे, इंजिनाच्या चाकांकडे असे.

तेथे दट्ट्या सिलिंडरात मागेपुढे होतो. त्याच्या दांडीचे टोक एका सरळ खाचेत सरकते, तेथून जोडदांडा निघून चाकावरच्या क्रँकच्या खिळीला जाऊन मिळतो. म्हणजे शिवणयंत्रात पायाने चाक फिरवायचे, तर येथे वाफेने. एका चाकाला मिळालेली गती बाकीच्या चाकांना द्यायची, म्हणून त्यांच्या क्रँका एका लांब आडव्या दांड्याने जोडलेल्या असतात. गाडी धावताना हा आडवा दांडा जणू लाटांवर झुलणाऱ्या होडीसारखा दिसतो. त्याचा प्रत्येक बिंदू वर्तुळात फिरतो, पण दांडा स्वतः मात्र कधी कलत नाही. तो रुळाला सदैव समांतर राहतो, कारण समोरासमोरच्या बाजू सारख्या असलेली ती चौकट समांतरभुज चौकोनाची असते. भूमितीच्या पुस्तकातला समांतरभुज चौकोन कागदावर निपचित पडलेला असतो. आम्ही तो धावताना पाहिला, हे आमचे भाग्य.

मृतबिंदू येथेही असतात, आणि इंजिनाला हात लावून ढकलणारी आई नसते. म्हणून डाव्या आणि उजव्या बाजूंच्या क्रँका एकमेकींशी काटकोनात बसवतात. एक बाजू मृतबिंदूवर असते, तेव्हा दुसरी पूर्ण जोरात असते. संसाराची उपमा येथे कोणालाही सुचेल, पण ती आम्ही वाचकांवर सोपवतो. लांब आडव्या दांड्यात मधे आणखी एक बिजागरी असते, कारण रूळ सर्वत्र सारखा नसतो आणि एखादे चाक किंचित वर उचलले गेले, तर आखलेला ताठ दांडा वाकेल किंवा तुटेल. स्थानकावर गाडी थांबली, की चालक तेलाचा चंबू घेऊन खाली उतरे आणि प्रत्येक सांध्याला हाताची मागची बाजू लावून पाही. सांधा तापला असेल, तर तो तेलाविना घासत आहे, हे त्याला त्या स्पर्शाने कळे. नागपूरला मोतीबागेत लहान रुळांच्या गाड्यांचे संग्रहालय आहे. मुलांना घेऊन जाण्यासारखी जागा आहे. तेथे इंजिनाचे रंगकाम पाहण्यात वेळ न घालवता खाली वाकून दांडे पाहावेत, अशी आमची शिफारस आहे.

रेल्वेतच ‘सांधा’ शब्दाला आणखी एक अर्थ आहे. एका रुळावरून गाडी दुसऱ्या रुळावर नेण्याची जी जागा, तिलाही मराठीत सांधाच म्हणतात आणि तो बदलणारा तो सांधेवाला. जुन्या पद्धतीत केबिनमधला उभा खटका ओढला, की रुळाच्या कडेने गेलेल्या लोखंडी दांड्यांमार्फत ती ओढ दूरच्या सांध्यापर्यंत पोचत असे. वळणावर काटकोनी तरफा बसवून ओढीची दिशा बदलत. पण लोखंड उन्हात वाढते. २०० मीटर लांबीचा पोलादी दांडा हिवाळ्यातल्या पहाटेपासून मे महिन्याच्या दुपारपर्यंत ४० अंशांनी तापला, तर तो सुमारे ९ सेंटिमीटर लांब होतो. सांध्याची पाती एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जायला जितकी सरकावी लागते, जवळपास तितकीच ही वाढ आहे. म्हणजे खटक्याला हात न लावता निव्वळ विदर्भाच्या उन्हाने सांधा अर्धवट उघडायचा आणि वर गाडी यायची.

यावर अभियंत्यांनी काढलेला उपाय इतका सोपा आहे, की ऐकून हसू यावे. दांड्याच्या बरोबर मधोमध दोन वाकड्या तरफांची एक जोडी बसवायची. तिच्यामुळे अलीकडचा अर्धा दांडा पुढे ढकलला, तर पलीकडचा अर्धा मागे ओढला जातो. ऊन पडले, की दोन्ही अर्धे सारखेच वाढतात. अलीकडच्याची वाढ सांध्याला एका दिशेला नेऊ पाहते, पलीकडच्याची वाढ विरुद्ध दिशेला, आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. खटक्याची ओढ मात्र जशीच्या तशी पोचते. ना वीज, ना कोणी पाहारेकरी. मोठ्या स्थानकांवर आता विजेच्या मोटारी सांधे बदलतात, पण लोखंडाच्या तापण्यावर लोखंडाच्याच दोन वाकड्या तुकड्यांनी केलेली ही मात आम्हांला कोणत्याही विजेच्या यंत्राहून अधिक मोहक वाटते.

दांड्यांच्या साखळीचा असा अभिमान खुद्द जेम्स वॅटलाही होता. १७८४ साली त्याने दट्ट्याची दांडी सरळ रेषेत चालवण्यासाठी तीन-चार दांड्यांची एक जोडणी शोधली. आयुष्याच्या उत्तरकाळी मुलाला लिहिलेल्या पत्रात त्याने वाफेच्या यंत्रातल्या सुधारणांपेक्षा या जोडणीचा आपल्याला अधिक अभिमान वाटतो असे कळवले होते. तिची रेषा तंतोतंत सरळ नव्हती, जवळजवळ सरळ होती. निव्वळ फिरत्या सांध्यांतून तंतोतंत सरळ रेषा काढण्याचे कोडे पोसेलिए या फ्रेंच सैनिकी अभियंत्याने १८६४ साली सोडवले.

आमचा मुलूख कापसाचा. कापसातून सरकी वेगळी करण्याच्या कारखान्यांत, म्हणजे जिनांत, जे यंत्र घरघरते, त्याचे मूळ अमेरिकेतल्या मॅकार्थीने १८४० साली काढलेल्या यंत्रात आहे. चामड्याचा खरबरीत रूळ रुईचे तंतू ओढून घेतो, त्याला टेकलेली स्थिर पाती सरकीला अडवते, आणि दुसरी हलती पाती झटक्यांनी सरकीला खाली पाडते. पातीचे हे झटके क्रँक आणि जोडदांड्याचेच काम. तेथील सांध्यात नखभर ढिलाई आली, तर पाती सरकी फोडते आणि रुईत तिचा चुरा मिसळून भाव पडतो. वर्षाच्या मेहनतीचे मोल असे एका खिळीच्या झिजेवर अवलंबून असते, हे शेतकऱ्याला कोणी सांगत नाही.

मराठी माणसाने यंत्राशी जो घरोबा केला, त्याची आठवण येथे होणे साहजिक आहे. लक्ष्मणराव किर्लोस्कर मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली संस्थेत यांत्रिक चित्रकला शिकवीत. पुढे बेळगावला सायकलींचे दुकान काढून त्यांनी कडबा कापण्याचे यंत्र आणि मग लोखंडी नांगर घडवला. लोखंडाने जमीन विषारी होते, या समजुतीने तो नांगर आधी कोणी घेईना. १९१० साली किर्लोस्करवाडी वसली, तेव्हा त्या माळावर निवडुंग आणि साप यांचेच राज्य होते. आज आमच्या संत्र्यांच्या बागांत कोणी लोखंडाला भीत नाही. भ्यावे अशा जागी मात्र आम्ही भीत नाही, हे आमचे खरे दुखणे आहे.

ते दुखणे म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा. यंत्रकारागीर त्याला पी.टी.ओ. शाफ्ट म्हणतात. फवारणीचा पंप, मळणीयंत्र, रोटाव्हेटर, सगळे त्याच्यावर चालते. ट्रॅक्टर आणि अवजार एका रेषेत कधीच नसतात, म्हणून दांड्याच्या दोन्ही टोकांना एक खास सांधा असतो. दोन दुबेळकी टोके आणि त्यांच्यामध्ये अधिक चिन्हासारखा एक तुकडा. आमच्याकडचे मेकॅनिक त्या तुकड्याला ‘क्रॉस’ म्हणतात. स्थितिस्थापकत्वाच्या नियमामुळे शाळेत भेटलेला रॉबर्ट हूक, त्यानेच १६७६ साली या सांध्याचे वर्णन प्रसिद्ध केले. इटलीच्या कार्दानोचे नावही त्याला चिकटले आहे.

या सांध्याची एक खोड आहे. दांडा कोनात असला, तर पुढचा भाग सारख्या वेगाने फिरूनही मागचा भाग प्रत्येक फेऱ्यात दोनदा वेग वाढवतो आणि दोनदा मंदावतो. ट्रॅक्टरचा दांडा मिनिटाला ५४० फेरे घेतो असे धरा. कोन ३० अंशांचा झाला, तर पलीकडचा वेग ४६८ आणि ६२४ यांच्यामध्ये हेलकावे खातो, आणि तेही सेकंदाला १८ वेळा. यंत्र खडखडते, खिळी तुटतात. म्हणून दुसऱ्या टोकाला तसाच सांधा बसवतात. पहिल्याने केलेला अन्याय दुसरा फेडतो, मात्र मधल्या दांड्याची दोन्ही दुबेळकी टोके एकाच पातळीत असतील तरच. दुरुस्तीसाठी दांडा वेगळा करून घाईत जोडताना ती एकमेकांशी आडवी बसवली, तर अन्याय फिटण्याऐवजी दुप्पट होतो. ट्रॅक्टर ज्यांच्या घरी आहे, त्या वाचकांनी उद्या सकाळी यंत्र बंद असताना एवढे एक पाहून घ्यावे.

आणि यंत्र चालू असताना? मिनिटाला ५४० म्हणजे सेकंदाला ९ फेरे. दांड्याचा घेर २५ सेंटिमीटर धरला, तर सेकंदाला सव्वादोन मीटर कापड त्याच्याभोवती गुंडाळले जाऊ शकते. अंगावरचे उपरणे साधारण तेवढेच असते. ‘अरे’ म्हणून ओरडायलाही सेकंद लागतो. आमच्या शाळेचा एक माजी विद्यार्थी, गणितात हुशार, कबड्डीत पुढे, संत्र्याच्या बागेत फवारणी चालू असताना नळी सारखी करायला वाकला. सदऱ्याची बाही सांध्याच्या खिळीत अडकली. उजवा हात कोपराच्या वर गेला. आता तो डाव्या हाताने सही करतो, आणि त्याचे अक्षर पाहून आम्हांला पहिलीची पाटी आठवते.

दांड्यावर कारखान्यातून प्लॅस्टिकचे आवरण येते. मग ते जाते कोठे? सांध्याला वंगण देताना ते आड येते, म्हणून पहिल्याच हंगामात कोणीतरी काढून गोठ्याच्या आढ्यावर टाकतो. त्या ट्रॅक्टरच्या आवरणाचेही असेच झाले होते. मळणीयंत्रांच्या अपघातांवरून केंद्र सरकारने १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा केला, पण कायदा गोठ्याच्या आढ्यापर्यंत चढत नाही. वंगणासाठी आवरण काढावेच लागते असेही नाही. टोकाचा कोन मागे सरकवला, की वंगणाचे बोंड उघडे पडते. काम झाले की तो पुन्हा पुढे ओढायचा.

गेल्या सत्रात आमच्या नववीच्या वर्गाने हा विषय घेतला. शाळेच्या आवारात एका पालकाने बंद ट्रॅक्टर आणून उभा केला आणि मुलांनी सांध्याचे प्रत्येक अंग हाताने चाचपून पाहिले. त्याला नाव काय द्यावे, यावर मोठी चर्चा झाली. हिंदी माध्यमाची मुले ‘ढक्कन’ म्हणत होती, मराठी घरातली ‘टोपण’. आवरणाला दोन्ही टोकांजवळ एकेक बारीक साखळी लोंबते, ती कशासाठी, हे पालकालाही ठाऊक नव्हते. एका मुलीने ओळखले. एक साखळी ट्रॅक्टरच्या सांगाड्याला आणि दुसरी अवजाराला अडकवायची असते, म्हणजे आतला दांडा फिरत राहतो आणि वरचे टोपण जागचे हलत नाही. पालकाने दोन्ही साखळ्या तिथेच अडकवल्या आणि मग ट्रॅक्टर चालू करून घरी नेला.